बँडसॉवर सरळ कट येत नाही, फेन्स लावूनही पातं एका बाजूला पळतं

नवशिका_नाशिक:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत बसलोय, आज पहिल्यांदा लिहितोय. नोकरी कॉम्प्युटरसमोरची, सुतारकाम फक्त शनिवार-रविवार, तेही शेजारचे काका दुपारी आडवे व्हायच्या आत. एक जुनी १० इंची बेंचटॉप बँडसॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरतं ती करवत) घेतलीये, मोटर अर्ध्या एचपीची, चालते छान. पातं तिच्यासोबतच आलं, ३/८ इंची, ६ टीपीआय (इंचाला ६ दात), विकणारा म्हणाला नवीनच आहे, आता नवीन म्हणजे किती नवीन ते त्यालाच माहीत.

लाकूड म्हणाल तर आजोळचा वाडा उतरवला त्यातल्या कडीपाटाच्या कड्या आणि चौकटींचे तुकडे आणलेत, सगळं सागवान, वरून काळंकुट्ट दिसतं पण रंधा मारला की आतून असा रंग निघतो की बघत बसावं. त्यातून पाऊण इंची फळ्या काढून डबे, ट्रे, आणि जमलंच तर आईसाठी छोटा देव्हारा करायचाय.

प्रॉब्लेम दोन आहेत. एक म्हणजे फेन्सला (टेबलवरची लाकूड टेकवायची सरळ पट्टी) लावून लाकूड ढकललं की पहिले दोन-तीन इंच बरं जातं आणि मग पातं हळूहळू फेन्सकडे शिरायला लागतं, लाकूड फेन्सपासून सुटतं, कितीही दाबून धरा, फळी एका टोकाला पाऊण इंच तर दुसऱ्या टोकाला अर्धा. फेन्स न लावता रेषेवर कापलं तर लाकूड जरा तिरकं धरून रेष सांभाळता येते, पण मग तो फेन्स कशाला दिलाय. दुसरा प्रॉब्लेम असा की ४ इंची कडी उभी धरून चिरली तर वरची रेष बरोबर, खालची बरोबर, आणि फळी वेगळी केली की मध्ये पोट आलेलं.

फेन्स टेबलच्या खाचेला समांतर आहे हे मोजून बघितलंय. पात्याचं टेन्शन (ताण) मशिनवरच्या खुणेइतकं आहे. यूट्यूबवर एक जण सांगतो फेन्स तिरका करा, दुसरा म्हणतो अजिबात करू नका. कोणाचं ऐकू? आणि कृपा करून नवीन मशीन घ्या असं सांगू नका, घरच्यांना या मशीनची खरी किंमत अजून कळायचीये.

सुतारपक्षी:

फेन्स, यूट्यूब, टेन्शनची खूण सगळं बाजूला ठेवा आणि आधी पातं बघा. तुम्ही कडीपाटाच्या कड्या म्हणालात तिथेच मला शंका आली. वाड्याच्या लाकडात खिळा नाही असं होत नाही, आणि ते जुने घडीव खिळे डोकं तुटून आत राहतात, वरून दिसतही नाहीत. मी आयटीआयमध्ये पोरांना शिकवायचो तेव्हा जुनं लाकूड मशिनवर घ्यायच्या आधी तपासल्याशिवाय हात लावू द्यायचो नाही.

आता त्याचा सरळ कटाशी संबंध काय ते सांगतो. पात्याचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात (काही पात्यांत मध्ये एक सरळ दातही असतो), त्यामुळे खाच पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं अडकत नाही. कापताना खिळा एका बाजूने घासून गेला की त्या बाजूचे दात बोथट होतात, दुसऱ्या बाजूचे तसेच धारदार राहतात. मग पातं धारदार बाजूकडे ओढलं जातं. गाडीचा एक बैल आळशी असला की गाडी जशी वळत राहते तसंच. आता तुम्ही फेन्स हवा तेवढा घट्ट करा, बैल बदलल्याशिवाय गाडी सरळ जाणार नाही.

प्लग काढा (नुसता स्विच बंद नको, प्लग काढा), वरचं चाक हाताने सावकाश फिरवा आणि दात उजेडात बघा. धारदार दाताचं टोक चमकत नाही, बोथट दाताच्या टोकावर उजेडाचा ठिपका दिसतो. डोळ्यांनी दिसत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा, आमच्या काळी भिंग लागायचं. दोन्ही बाजू तपासा. सागवान तसंही पात्याला खातं, त्यात नैसर्गिक सिलिका असते, साध्या कार्बन स्टीलच्या पात्याची धार आंब्याच्या किंवा पाइनच्या मानाने फार लवकर जाते. त्यात अजून खिळा म्हणजे झालंच.

लाकूड तपासायला चांगला जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, कडेला ओढला गेला की थांबा. खिळ्याभोवती बहुतेक वेळा काळा डाग असतो तोही बघा. तिथे पटाशीने उकरून खिळा काढा, निघत नसेल तर तेवढा भाग हाताच्या जुन्या करवतीने कापून टाका. सागाचा जीव फार अडकवू नका त्यात.

आणि जाता जाता दोन गोष्टी, विचारल्या नसल्या तरी. मशीन चालू असताना हातमोजे नकोत. वरचा गाइड (पात्याला जागेवर धरणारा भाग) लाकडाच्या वर दोन सुतांपेक्षा (पाव इंच) जास्त उंच ठेवू नका, सरळ कटासाठीही आणि बोटांसाठीही.

एक_सूत_कमी:

सुतारपक्षी सरांशी सहमत, पातं पहिलं. पण नवीन पातं लावूनही ते वाकडं जाऊ शकतं, कारण सेटिंग. जुन्या मशिनवर मागच्या मालकाने काय करून ठेवलंय ते कळत नाही, म्हणून सगळं सोडून पहिल्यापासून लावा, त्याला पर्याय नाही. मी क्रमाने लिहितो कारण क्रम चुकला तर पुढचं सगळं वाया जातं.

वरचे-खालचे साइड गाइड आणि मागचं बेअरिंग आधी पात्यापासून लांब घ्या, म्हणजे पातं फक्त दोन चाकांवर मोकळं. मग टेन्शन द्या. मग वरचं चाक हाताने फिरवत फिरवत ट्रॅकिंगच्या नॉबने पातं चाकावर नीट बसवा. इथे खरी गंमत आहे. चाकाच्या रबराला मधोमध किंचित उंचवटा असतो, त्या उंचवट्यावर पात्याचा नेमका कोणता भाग बसतो त्यावर पात्याचं तोंड किंचित कुठे वळतं ते ठरतं. पातं रुंदीच्या बरोबर मध्यावर बसवा असं मॅन्युअलमध्ये असतं आणि चालतंही, पण माझा अनुभव असा की दातांमधल्या खाचांचा तळ उंचवट्याच्या मधोमध येईल असं बसवलं की पातं फेन्सला समांतर कापायला लागतं आणि फेन्स तिरका करायची वेळच येत नाही. पातं पुढे-मागे सरकवलं की कापायची दिशा बदलते हे स्वतः करून बघा म्हणजे विश्वास बसेल.

त्यानंतर गाइड. मागचं बेअरिंग पात्याला नुसतं फिरताना टेकता कामा नये, लाकूड ढकललं की टेकलं पाहिजे, म्हणजे केसभर अंतर. साइड गाइड दातांच्या खाचांच्या मागेच थांबवा, पुढे घेतलेत तर दात गाइडला घासून त्यांचा सेट (बाजूंना दिलेला वाक) जातो, आणि मग पुन्हा तोच आळशी बैल. पातं आणि साइड गाइड यांच्यात वहीचा एक कागद जेमतेम सरकेल एवढी जागा, दोन्ही बाजूंना सारखी. एका बाजूचा गाइड पात्याला दाबून ठेवलेला असेल तर पातं आधीच वाकलेलं असतं आणि आपण शोधत बसतो फेन्समध्ये. गाइडचा दांडा वर-खाली करून पुन्हा तपासा, स्वस्त मशिनमध्ये दांडा वर जाताना गाइड एका बाजूला सरकतो.

मग टेबल. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) पात्याच्या सपाट अंगाला लावा, दाताला नको, दात बाहेर वाकलेला असतो. गुण्याने बघून समाधान झालं की एक पट्टी घेऊन कडेला उथळ खाच पाडा, मशीन बंद करून पट्टी उलटी करा आणि पात्याच्या पाठीकडून ती खाच पात्यावर सरकवून बघा. अलगद बसली तर टेबल गुण्यात आहे, अडली तर नाही. याच्याइतकी खात्रीची टेस्ट नाही आणि फुकट आहे.

फेन्स सगळ्यात शेवटी, खाचेला समांतर. फेन्स तिरका करणं म्हणजे आजार सोडून लक्षणावर उपाय असं माझं स्पष्ट मत आहे, रागावू नका.

घाईत_आहे:

एवढ्या भानगडी करण्यापेक्षा टेबलसॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) घ्या, सरळ कट म्हणजे सरळ कट, विषय संपला.

रंधा_आणि_चहा:

घाईत_आहे, प्रश्न वाचलात का पूर्ण 😀 त्यांची कडी ४ इंची आहे. १० इंची टेबलसॉचं पातं एका वेळी साधारण ३ इंच खोल जातं, म्हणजे दोन्ही बाजूंनी उलटून कापायचं. त्यात टेबलसॉची खाच जवळजवळ ३ मिमीची, या बँडसॉच्या पात्याची १ मिमीच्या आसपास. चार फळ्या काढल्या तर तेवढ्यातच दोन सुतांच्या जवळपास सागवान भुशात जातं, आजोळच्या वाड्याचं सागवान! शिवाय बँडसॉवर पातं लाकूड खाली टेबलवर दाबतं, टेबलसॉसारखं अंगावर फेकत नाही, नवशिक्याला ते बरं. नवीन मशीन घ्या म्हणू नका असंही त्यांनी लिहिलंय.

आता एक_सूत_कमी दादा, मी फेन्स तिरका करणाऱ्यांतली आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. तुमचं चाक-उंचवटा सगळं बरोबर आहे, १४ इंची चांगल्या मशिनवर ते जमतंही. माझ्याकडे बारकी ९ इंची आहे, तिची दोन चाकं एका पातळीत नाहीत आणि खालचं चाक हलवायची सोयच कंपनीने दिलेली नाही, रबरही झिजलंय. तिथे तासभर ट्रॅकिंगशी खेळण्यापेक्षा पातं जिकडे जातंय तिकडे फेन्स वळवला की माझं काम होतं.

करायचं असं: दोनेक फूट लांब, एक कड रंधा मारून सरळ केलेली पट्टी घ्या. कडेला समांतर पेन्सिलची रेष मारा. फेन्स काढून टाका आणि त्या रेषेवर हाताने कापत जा, पट्टी जशी वळवावी लागेल तशी वळवा. निम्म्यात पोचलात आणि हात एका कोनात स्थिर झाला की पट्टी तशीच घट्ट धरून मशीन बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या, आणि पट्टीच्या कडेने टेबलवर पेन्सिलने रेघ ओढा. हाच त्या पात्याचा कोन. फेन्सचे बोल्ट ढिले करून फेन्स त्या रेघेला समांतर लावायचा. पातं बदललं की परत करायचं, कारण प्रत्येक पात्याचा कोन वेगळा.

फेन्सचे बोल्ट ढिले होतच नसतील (स्वस्त मशिनमध्ये कधी कधी रिव्हेट असतात) तर अजून सोपा जुगाड. एक जाड लाकडी ठोकळा घ्या, कडीच्या उंचीएवढा, त्याची एक उभी कड रंध्याने गोल करा. ही गोल कड दातांच्या बरोबर समोर येईल असा ठोकळा क्लॅम्पने टेबलवर पक्का करा, पातं आणि गोल कड यांच्यातलं अंतर म्हणजे फळीची जाडी. आता लाकूड त्या गोल कडेला टेकवून ढकलायचं आणि मागचं टोक डावीकडे-उजवीकडे हलवत रेष सांभाळायची, म्हणजे जाडी ठोकळा सांभाळतो आणि दिशा तुम्ही. मी ट्रेच्या सगळ्या फळ्या अशाच काढते, फेन्स कपाटावर धूळ खातोय.

फक्त सुतारपक्षी सर म्हणाले ते खरं आहे, पातं खिळ्याने एका बाजूने गेलं असेल तर यातलं काहीही करा, दर फुटाला कोन बदलत राहील. आणि फक्त एका अंगाला जरा जास्त धार असेल, दात तुटलेले नसतील, तर ज्या बाजूला पातं पळतं त्या बाजूच्या दातांना बारीक धारेचा दगड अगदी अलगद, फिरत्या पात्याला लावायचा म्हणतात. मी करते पण नवशिक्यांना सांगायला धजत नाही, हात फार स्थिर लागतो, दगड लाकडाच्या ठोकळ्यावर बसवल्याशिवाय तर नकोच.

एक_सूत_कमी:

ताई, रिव्हेटवाल्या फेन्सवर ठोकळा बरोबर आहे, तो मुद्दा मान्य. बाकी आपलं जमणार नाही. फेन्स तिरका केला की मायटर गेज (टेबलच्या खाचेत सरकणारा, आडव्या कटाचा आधार) वापरताना काय करता? खाच सरळ, पातं तिरकं, मग आडवा कट गुण्यात कसा येईल? ट्रॅकिंग जमलं तर फेन्स आणि मायटर दोन्ही एकदम जमतात, म्हणून मी त्याच्या मागे लागतो.

रंधा_आणि_चहा:

आडवे कट मी हाताने जपानी करवतीने करते, त्यामुळे माझी झोप उडत नाही. पण हो, मायटर वापरणाऱ्यांनी तुमचं ऐकावं.

वखारीतला:

उशिरा आलो. आमची वखार चंद्रपूरकडे, लहानपण भुशातच गेलं, तिकडे मोठ्या रुंद पट्ट्याच्या मशिनी असतात त्यामुळे छोट्या मशिनचं सगळं मला नाही सांगता येणार पण पोट येतं त्याबद्दल कोणी बोललेलं नाही म्हणून लिहितो.

वर-खाली रेष बरोबर आणि मध्ये पोट याचा अर्थ पातं लाकडाच्या आत वाकतंय. वर गाइडने धरलंय, खाली गाइडने धरलंय, मधे ४ इंच मोकळं आहे तिथे जोर पडला की ते धनुष्य होतं. का वाकतं तर बहुतेक वेळा भुसा. ६ टीपीआय म्हणजे ४ इंच लाकडात एका वेळी २४ दात, आणि दोन दातांमधली खाच इवलीशी, ती खाच लाकडातून बाहेर पडायच्या आतच भुशाने भरते, मग दात कापायचं सोडून घासत बसतात, तुम्ही वाटतं कापत नाही म्हणून अजून जोर लावता आणि पातं जिकडे जागा मिळेल तिकडे झुकतं. ३ टीपीआय घेतलं तर तेच १२ दात होतात आणि खाचाही मोठ्या. जाड लाकूड मोठे दात, पातळ लाकूड बारीक दात, फक्त कितीही पातळ असलं तरी कमीत कमी तीन दात लाकडात राहिले पाहिजेत नाहीतर दात अडकून तुटतात. चिरायला हुक दाताचं (पुढे झुकलेल्या दाताचं) नाहीतर एक सोडून एक दात असतो तसलं घ्या, त्यावर पृष्ठभाग खरबरीत येतो पण रंधा मारायचाच आहे ना.

चार सुती पातं घ्या असं कोणी सांगेल तर तुमच्या १० इंचीवर मी घेणार नाही. रुंद पातं सरळ जातं हे खरं, पण ते तेवढं ताणायला मशिनची मानही तेवढी मजबूत लागते, छोट्या मशिनची मान ताणताना वाकते आणि पातं ढिलंच राहतं. तीन सुती ३ किंवा ४ टीपीआय नीट ताणलेलं, हे चार सुती ढिल्यापेक्षा बरं. आणि मशिनवरच्या खुणेवर जाऊ नका, जुन्या मशिनची स्प्रिंग बसलेली असते, खूण तीच पण ताण कमी. वरचा गाइड ६ इंच वर घ्या (तुमच्या मशिनवर जेवढा जाईल तेवढा), प्लग काढलेला, बोटाने पातं बाजूने दाबा, दोन सुतांपेक्षा जास्त सरकलं तर ढिलं आहे. काम झालं की ताण सोडून ठेवा, रबराला खड्डा पडत नाही आणि स्प्रिंगही टिकते.

ढकलायचा वेग कानाने ठरवा, आमच्याकडे म्हातारे कारागीर मशिनकडे न बघता नुसत्या आवाजावरून ओरडायचे. मोटरचा आवाज बसायला लागला की हात थांबवा. अर्ध्या एचपीवर ४ इंच साग म्हणजे सावकाशच जाणार, त्याला इलाज नाही. भुसा बारीक पिठासारखा येत असेल किंवा जळका वास येत असेल तर पातं बोथट तरी आहे नाहीतर तुम्ही एका जागी घासत बसलाय.

अजून एक जे सगळे विसरतात, कडी चारही बाजूंनी वाकडीतिकडी असेल तर मशीन देवाची असली तरी सरळ कापणार नाही. टेबलवर बसणारी बाजू आणि फेन्सला लागणारी बाजू, या दोन रंधा मारून सपाट करा आणि एकमेकींना गुण्यात आणा, त्याशिवाय लाकूड ढकलताना डुलतं. प्रत्येक फळी काढल्यावर कापलेल्या तोंडावर परत रंध्याचा हात मारा मगच पुढची फळी.

आणि कापताना मागे खाच मिटत असेल, पातं आवळलं जात असेल तर तो मशिनचा दोष नाही, लाकडातला ताण सुटतोय. शंभर वर्षांच्या कडीतही होतं हे. मशीन बंद करून खाचेत पातळ पाचर सरकवा, मग पुढे जा. चालू मशिनवर लाकूड मागे ओढू नका, पातं चाकावरून उतरतं. फळ्या पाऊण इंची हव्या असतील तर एक इंचाच्या काढा, मधे बारीक पट्ट्या घालून थप्पी लावा, वर वजन, आठवडा-दोन आठवडे हवेशीर जागी, उन्हात नाही. जेवढ्या वाकायच्या तेवढ्या वाकू देत आणि मग रंधून पाऊण इंचावर आणा.

नवशिका_नाशिक:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आधी पातं बघितलं. सुतारपक्षी सर, फोटोत स्पष्ट दिसतंय, उजव्या अंगाचे दात एका पट्ट्यात सलग चपटे झालेत, चकचकीत. चुंबक फिरवला तर एका कडीत दोन ठिकाणी ओढला गेला, एक घडीव खिळा निघाला, चौकोनी, बोटाएवढा लांब, दुसरा निघेना म्हणून तेवढा तुकडा कापून टाकला. खिळा आईने ठेवून घेतलाय.

तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडे एक ४ टीपीआयचं तीन सुती पातं पडून होतं ते आणलं, गाइड वगैरे सगळं सोडून एक_सूत_कमींच्या क्रमाने लावलं. मागचं बेअरिंग पात्याला घट्ट चिकटलेलं होतं आणि डाव्या बाजूचा गाइड पातं ढकलत होता. आता पाइनच्या तुकड्यावर फेन्सला लावून दीड फूट कापलं, दोन्ही टोकांच्या जाडीत अर्ध्या मिमीचाही फरक नाही, फेन्स तिरका न करता. ताई, सॉरी 😀 पण ४ इंची सागाला तुमचा गोल ठोकळाच वापरला, त्यावर हात जास्त मोकळा राहतो. पोट अजून किंचित आहे, पण रंध्यात जाईल एवढंच.

आता एक नवीन प्रश्न, हार्डवेअरवाला म्हणतो हे शेवटचं पातं, माझ्या मशिनच्या मापाची परत येतील का सांगता येत नाही. मॅन्युअल नाहीये. माप कसं काढायचं, आणि वेल्डिंग करून पातं बनवून घेतलं तर चालतं का?

वखारीतला:

चालतं, आमच्याकडे सगळी तशीच बनतात. पात्याची कॉइल असते, हव्या लांबीला कापून बट वेल्डिंग (टोकाला टोक जोडून) करून देतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा, पुण्यात टिंबर मार्केटच्या आसपास, नाशिकला अंबड-सातपूरकडे धातू कापायच्या बँडसॉची पाती बनवणारे असतील त्यांना लाकडाची कॉइल आहे का विचारा, धातूचं पातं लाकडाला लावू नका, दात फार बारीक असतात. हातात आल्यावर जोड बघा, जोडावर बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये आणि पाठ सरळ रेषेत पाहिजे, नाहीतर दर फेरीला टक टक आवाज येतो आणि कटावर आडव्या रेघा.

माप काढायला सगळ्यात सोपं म्हणजे जुनं खराब पातं फेकू नका, जमिनीवर उभं धरून एक खूण करा आणि एक पूर्ण फेरी लोळवा, जेवढं अंतर गेलं ती लांबी.

एक_सूत_कमी:

जुनं पातं नसेल त्यांच्यासाठी: दोन्ही चाकं सारखी असतील तर चाकाचा व्यास गुणिले ३.१४, अधिक दोन चाकांच्या मध्यातलं अंतर गुणिले २. १४ इंची मशिनचं (म्हणजे चाकं १४ इंची) उदाहरण, ४४ इंच अधिक दुप्पट पावणेपंचवीस, म्हणजे साडेत्र्याण्णव, बाजारात १४ इंचीची पाती बहुतेक याच मापाची मिळतात. मोजताना वरचं चाक टेन्शनच्या पूर्ण खाली किंवा पूर्ण वर नको, मधे ठेवा, म्हणजे पातं थोडं कमी-जास्त बनलं तरी बसेल.

रंधा_आणि_चहा:

सॉरी स्वीकारला. देव्हाऱ्याच्या फळ्या चिराल तेव्हा एकाच कडीतल्या लागोपाठच्या दोन फळ्यांना नंबर टाकून ठेवा, पुस्तक उघडतात तशा शेजारी उघडून लावल्या की मागच्या बाजूला रेषा जुळून येतात. आणि देव्हाऱ्याचे फोटो टाका इथे.

घाईत_आहे:

बरं, मग वापरलेली १० इंची कितीला पडली ते तरी सांगा.

नवशिका_नाशिक:

मेसेज करतो तुम्हाला, इथे नाही लिहिणार, बायको पण या ग्रुपवर आहे.